नोकरी डळमळीत असताना गृहकर्जात पैसे भरावेत का?

नमस्कार,

तुमच्या पत्राचा सारांश इतर वाचकांसाठी आधी देतो. वय ४०, घर गोव्यात साखळीला, कुंडईच्या एका कारखान्यात स्टोअर्स आणि परचेसमध्ये सव्वाचार वर्षं नोकरी. पत्नी शाळेत नोकरीला, अजून कायम नाही. गेले चार महिने डीलरांकडची थकबाकी वसूल करण्याचं कामही तुमच्या गळ्यात आलंय. आठवड्यातून दोनदा स्वतःची गाडी काढून कधी बेळगाव, कधी कोल्हापूर. हे काम तुम्हाला जमत नाही, आवडत तर नाहीच, आणि ‘नको म्हटलं तर घरी बसवतील’ अशी धास्ती आहे. म्हणून ७ लाखांच्या ठेवी मोडून गृहकर्जात भरायच्या, हप्ता हलका करायचा आणि मग राजीनामा देऊन मेव्हण्याच्या मोरजीच्या स्कूटर भाड्याच्या धंद्यात शिरायचं, असा तुमचा बेत आहे.

ठेवी मोडू नका. राजीनामाही आत्ता देऊ नका.

कर्ज १६ लाख ४० हजार शिल्लक, व्याज पावणेनऊ टक्के, अकरा वर्षं बाकी, हप्ता १९,४००. तुम्ही ७ लाख भरलेत की हप्ता आपोआप उतरेल असं तुम्ही धरून चालला आहात. बहुतेक बँका तसं करत नाहीत. हप्ता तोच ठेवतात आणि मुदत कमी करतात. तुमचं कर्ज अकराऐवजी साधारण पाच वर्षांत फिटेल, पण पुढच्या महिन्याच्या पाच तारखेला खात्यातून १९,४०० जाणारच. हप्ता कमी करून हवा असेल तर बँकेत तसा वेगळा अर्ज द्यावा लागतो. तो मंजूर झाला तर हप्ता ११,१०० च्या आसपास येईल.

समजा आला. आणि त्यानंतर दोन महिन्यांत नोकरी गेली. तुमचा घरखर्च २१ हजार, विम्याचे अडीच, हप्ता ११,१००. वहिनींचे शाळेतले १४ हजार वजा केले तरी महिन्याला वीस हजारांवर खड्डा पडतो आणि तो भरायला हातात काहीच नाही. बँकेकडे जाऊन ‘मागच्या महिन्यात भरलेल्या सातातले दोन लाख परत द्या’ म्हणता येत नाही. त्याच घरावर वाढीव (टॉप-अप) कर्ज मागाल तर आधी पगाराची स्लिप मागतील.

आता ठेवी तशाच ठेवल्या तर? हप्ता पूर्ण १९,४००, खड्डा महिना २९ हजारांचा. पण ७ लाखांत तो खड्डा दोन वर्षं भरून निघतो. चाळिशीतल्या परचेसच्या माणसाला दुसरी नोकरी शोधायला दोन वर्षं पुरेशी आहेत. वेर्णा, कुंडई, डिचोली एवढ्या तीन औद्योगिक वसाहती धुंडाळल्या तरी.

याची किंमत किती, तर कर्जावर पावणेनऊ टक्के देताय आणि ठेवीवर पावणेसात मिळतायत. फरक दोन टक्के, म्हणजे ७ लाखांवर वर्षाला १४ हजार. महिन्याला अकराशे-बाराशे रुपये हा नोकरी जाण्याविरुद्धच्या विम्याचा हप्ता समजा. बदलत्या दराची, म्हणजे फ्लोटिंग रेटची, गृहकर्जं मुदतीआधी फेडायला वैयक्तिक कर्जदाराला दंड नसतो, त्यामुळे हे पैसे नंतर कधीही भरता येतील. घाई करून मिळणारं काही नाही.

तुमच्या भागात हे मी सांगायला नको. २०१२ मध्ये खाणी थांबल्या आणि पुन्हा २०१८ मध्ये थांबल्या, तेव्हा साखळी-डिचोलीच्या दारादारात खनिज वाहणारे ट्रक नुसते उभे होते. मालमत्ता होती, रोकड नव्हती, आणि हप्ते थांबत नव्हते.

ठेवींबद्दल मात्र एक बदल करा. ७ पैकी ३ लाख पतसंस्थेत आहेत. तिथे टक्का-दीड टक्का जास्त मिळतो हे खरं, पण पतसंस्थेतल्या ठेवीला ठेव विमा महामंडळाचं संरक्षण नसतं. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक बँकेमागे ५ लाखांपर्यंत असतं. आणि विमा असूनही पैसा अडकतोच. म्हापसा अर्बन बँकेचा परवाना २०२० मध्ये आणि मडगाव अर्बनचा २०२१ मध्ये रद्द झाला, त्याआधी खातेदार आपल्याच पैशासाठी खेपा घालत होते. तुम्हाला हा पैसा हाक मारल्याबरोबर हजर व्हायला हवा. पतसंस्थेची मुदत संपली की तो बँकेत आणा आणि एकच मोठी ठेव न करता लाखा-लाखाच्या पावत्या करा, म्हणजे गरजेला एकच मोडावी लागेल.

आता राजीनामा. कायम कामगाराला ग्रॅच्युइटीसाठी सलग पाच वर्षं लागतात. तुमचा मूळ पगार २६,००० आहे. नियमाप्रमाणे तो गुणिले १५ भागिले २६, म्हणजे दर वर्षाचे १५ हजार. पाच वर्षांचे ७५ हजार. नऊ महिने आधी निघालात तर हे पैसे सोडून जाताय, आणि तेही रागाच्या भरात. आधीच्या नोकरीचा पीएफ या खात्यात वळवला आहे का, तेही बघा. वळवला असेल तर पीएफच्या करासाठी ती वर्षंही सेवेत धरली जातात. नाहीतर पाच वर्षांच्या आत काढलेला पीएफ करपात्र होतो.

वसुलीच्या कामाचं काय करायचं, हे तुम्ही विचारलेलं नाही, पण तुमच्या पैशाची खरी गळती मला तिथेच दिसते. पेट्रोलची व्हाउचरं दोन-दोन महिने अडकतात असं तुम्ही ओझरतं लिहिलंय. शिवाय डीलर कधीकधी रोख देतात आणि तुम्ही ती गाडीत घालून आणता. हे आजपासून बंद. एखाद्या दिवशी दहा हजार कमी भरले तर जबाबदार कोण? साहेबांना साधा, नम्र ईमेल पाठवा: नवं काम करतोय, त्याची जबाबदारी लेखी द्यावी, किलोमीटरमागे दर ठरवावा, आणि वसुली चेकने किंवा थेट कंपनीच्या खात्यातच व्हावी. तक्रारीचा सूर नको. ‘नाही’ म्हणायची गरजच नाही, पण उद्या वाद झाला तर हा ईमेल तुमच्या बाजूने बोलेल.

कुणी तयार राजीनामा पुढे सरकवला तर तिथल्या तिथे सही करू नका. ‘घरी विचारून सांगतो’ म्हणा आणि कागद घेऊन या. स्वतः सोडणं आणि कंपनीने काढणं यात नोटिशीच्या पगाराचा आणि भरपाईचा फरक पडतो. तुम्ही कायद्याने ‘कामगार’ ठरता की सुपरवायझर, यावरही बरंच अवलंबून आहे. नेमणूकपत्र घेऊन कामगार वकिलाला एकदा भेटा. पणजीत पाटो इथल्या श्रमशक्ती भवनात कामगार आयुक्तांचं कार्यालयही आहे.

आरोग्य विमा सध्या फक्त कंपनीचा आहे, तो नोकरीबरोबर जातो. नोकरी असतानाच कुटुंबासाठी १० लाखांची स्वतःची पॉलिसी काढा, कारण जुन्या आजारांसाठी प्रतीक्षाकाळ असतो आणि तो जितका लवकर सुरू होईल तितका बरा. वैयक्तिक आरोग्य विम्यावर सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीही नाही. गोवा सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड नूतनीकरण करून ठेवा. तीन जणांच्या कुटुंबाला त्यात अडीच लाखांपर्यंत संरक्षण आहे. ते पुरेसं नाही, पण आधार आहे.

मेव्हण्याबद्दल दोनच ओळी. किनाऱ्यावरचा धंदा ऑक्टोबर ते मे चालतो, पावसात गाड्या ताडपत्रीखाली. हप्ता मात्र बाराही महिने. मदत करायचीच तर रविवारी मोरजीला जाऊन हिशेबाची वही लिहून द्या. पैसे घालू नका.

तुमच्या दोघांच्या ६० हजारांतून ४३ हजार खर्च होतात, म्हणजे १७ हजार उरायला हवेत. एसआयपीत ५ जातात. बाकी १२ कुठे जातात? चवथीचा खर्च धरूनही हिशेब लागत नाही. पुढचे नऊ महिने ते वेगळ्या खात्यात टाका, लाखभर जमतील.

माझं मत कधी बदलेल, तेही सांगतो. वहिनी शाळेत कायम झाल्या, किंवा तुम्हाला दुसरी नोकरी लागून तिथला प्रोबेशनचा काळ पार पडला, तर ३ लाख जरूर कर्जात भरा, आणि तेव्हा हप्ता कमी न करता मुदतच कमी करून घ्या.