दिवाळीनंतरची कोरी पानं

“मॅडम, दाखला काढून टाकावा म्हणतो. ह्याच्या डोक्यात काही शिरतच नाही.”

दसरा जवळ आला की हे वाक्य मला हमखास ऐकू येतं. मी बीड जिल्ह्यातल्या माध्यमिक शाळांमध्ये समुपदेशनासाठी जाते. समोर बसणारे आई-बाप वेगळे असतात, पण लेकरू बहुतेक वेळा नववीतलंच. त्याला कारण आहे. मोफत शिक्षणाचा कायदा, पोषण आहार, फुकट पुस्तकं, ऊसतोड मजुरांच्या मुलांसाठीची हंगामी वसतिगृहं, या सगळ्यांचा आधार मुख्यतः आठवीपर्यंत. नववीत तो एकदम सुटतो आणि त्याच वर्षी अभ्यास अवघड होतो. घरच्यांना वाटतं, पोराचं डोकं आत्ताच बंद पडलं.

गेल्या वर्षीचा हा मुलगा पंधरा वर्षांचा. गणिताच्या घटक चाचणीत २० पैकी ३ गुण. पहिल्या भेटीत तो एकच वाक्य बोलला, “मी ढ आहे.” पुढचे दोन तास मी त्याला ‘तू हुशार आहेस’ हे पटवण्यात घालवले. चूकच होती ती. तो खिडकीबाहेर बघत राहिला. कौतुकाला पुरावा लागतो, आणि त्याच्याकडचे सगळे पुरावे माझ्या विरुद्ध होते.

मी ज्या विचारधारेत घडले, तिच्यात माणसाला परिस्थितीइतकाच तिचा त्यानं लावलेला अर्थही अडवतो. तेव्हा तो अर्थच तपासायचा ठरवलं. जुन्या वह्या आण म्हटलं. आजीनं पत्र्याच्या पेटीत जपलेल्या सहावी, सातवी, आठवीच्या गणिताच्या वह्या तो घेऊन आला. तिन्ही टेबलावर शेजारी शेजारी ठेवल्या. आखलेले समास, कोपऱ्यात तारीख, उत्तराखाली दोन रेघा. मी काही बोलले नाही, पानं त्यालाच उलटायला लावली.

सहावीची शेवटची तारीख २६ ऑक्टोबर. सातवीची १२ ऑक्टोबर. आठवीची ८ नोव्हेंबर. पुढे सगळं कोरं.

तो बराच वेळ गप्प होता. मग पुन्हा सहावीच्या वहीकडे गेला आणि अंगठ्यानं कोरी पानं सरकवत म्हणाला, “शेकडेवारी कधी शिकवतात, मॅडम?”

“दुसऱ्या सत्रात. दिवाळीनंतर.”

“अन् समीकरणं?”

“तीही.”

“मंग मला कशी येतील? मी तर कोपीवर होतो. धाकटीला सांभाळायला.”

कोपी म्हणजे ऊसतोड मजुरांची फडाजवळची झोपडी. दर दिवाळीच्या सुमारास तो आई-बापाबरोबर तिकडे जायचा. इतक्या वर्षांच्या कामात असे क्षण मोजकेच. ‘मला येत नाही’ आणि ‘मला शिकवलंच गेलं नाही’ यांतलं अंतर त्यानं स्वतः ओलांडलं. मी फक्त टेबल दिलं होतं. (टेबल नेमकं कधी द्यायचं, हे कळायला मात्र मला बरीच वर्षं लागली.)

वडिलांना वाचता येत नाही, पण कोरं पान कुणालाही दिसतं. ते म्हणाले, “उचल घेतलीय, मॅडम. जावंच लागतं.” उचल म्हणजे मजूर नेणाऱ्या मुकादमाकडून हंगामाआधी घेतलेली आगाऊ रक्कम. ती कोयत्यावर मिळते, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी.

“किती कोयत्यांची?”

“एका. मी अन् ही.”

“मग ह्याचा हात त्यात धरलाय का?”

ते बायकोकडे बघायला लागले. पोरगा आजीजवळ राहील, असं त्या दिवशी ठरलं.

नुसतं गावात ठेवून भागत नाही, हे पालकांना मी बजावून सांगते. अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात १९९० च्या सुमारास ‘चेक अँड कनेक्ट’ नावाचा उपक्रम सुरू झाला. त्याचं सार आपल्या कुठल्याही शाळेला परवडेल असं आहे: गळतीच्या काठावरच्या प्रत्येक मुलामागे एक मोठं माणूस, जे त्याची हजेरी, वागणूक आणि गुण बघत राहतं आणि निदान दोन वर्षं त्याला सोडत नाही. आम्ही हे काम शाळेच्या शिपाईमामांना दिलं. प्रार्थनेला पोरगा दिसला नाही की अकराच्या आत आजीकडे फोन. गणिताच्या सरांनी नववीचं पुस्तक बाजूला ठेवून शाळेआधी चाळीस मिनिटं सहावीची शेकडेवारी घेतली. मागे जाऊन शिकवण्यात कमीपणा मानणारे शिक्षक मी पुष्कळ पाहिलेत, हे तसे नव्हते.

दाखला मात्र घाईनं काढू नका. १७ नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावी देता येते हे खरं. पण वर्गात बसून जे जमलं नाही ते एकट्यानं घरी जमवायचं असतं, म्हणून तो रस्ता शेवटचा ठेवा. धाकटं भावंड सोबत न्यावंच लागलं, तर निघण्याआधी शाळेतून शिक्षण हमी कार्ड (स्थलांतर करणाऱ्या मुलाला दुसरीकडच्या शाळेत बसता यावं म्हणून मिळणारं) मागून घ्या आणि कारखान्याजवळच्या शाळेत दाखवा.

सगळं सरळ झालं असं नाही. संक्रांतीला तो न सांगता कोपीवर निघून गेला, आठ दिवस पत्ता नाही. नवव्या दिवशी मामांनी थेट मुकादमाला फोन लावला.

वार्षिक परीक्षेत गणितात ३७ पडले. त्याआधी फेब्रुवारीतल्या एका रविवारी वडिलांचा फडातून फोन आला, तेव्हा पोरगा माझ्यासमोरच होता. मार्कांचं त्यांनी काही विचारलं नाही.

“वहीत शेवटची तारीख कोणती हाय रं?”

“कालची,” तो म्हणाला.