वाचक विचारतात : नियम सैल केले आणि भांडणं वाढली

प्रश्न : आम्ही पाच जण दर रविवारी फॅण्टसी रोलप्लेइंग खेळतो : प्रत्येकाचं एक काल्पनिक पात्र, आणि गोष्ट पुढे नेऊन निवाडा देणारा तो गेम मास्टर. जाडजूड नियमपुस्तक बाजूला ठेवलं, तर आता गेम मास्टरच्या प्रत्येक निर्णयावर हुज्जत. ‘मागच्या वेळी जमलं, आज का नाही?’ पुन्हा पुस्तक काढावं का? (फोंडा)

उत्तर : काढू नका. प्रशियाच्या सैन्यातले युद्धखेळ असेच तक्त्यांनी जड झाले होते. १८७६मध्ये व्हेर्डी द्यु व्हेर्न्वा या अधिकाऱ्याने तक्ते गुंडाळून निवाडा पंचावर, म्हणजे तुमच्या गेम मास्टरसारख्या माणसावर, सोपवला. तुमची अडचण वेगळी : तुमच्याकडे बहुधा काय गमवावं लागेल ते फासे पडल्यावर सांगितलं जातं, आणि मग ती शिक्षा वाटते.

लुडोचे दोन फासे पुरेत. बेरीज ६ किंवा कमी आली तर फसलं. ७ ते ९ आली तर जमलं, पण काही गमावून. १० किंवा जास्त आली तर निर्वेध जमलं. ३६ शक्यतांत यांचा वाटा १५, १५ आणि ६. पात्राचा हातखंडा असेल तर बेरजेत १ मिळवा, फसण्याच्या शक्यता १० उरतात; २ मिळवले तर ६. तीन कधीच देऊ नका, फसण्याच्या तीनच उरतात आणि फासे टाकणं नुसता उपचार होतो.

समजा, खाजनातून (खाडीकाठच्या, बांध घालून राखलेल्या सखल शेतजमिनीतून) येणारी राक्षसांची टोळी बुडवायची आहे. भरतीच्या दाबाने मानशीचं, म्हणजे बांधातल्या पाणी सोडायच्या मोरीचं, दार आपसूक मिटतं, ते जोर लावून उघडं धरावं लागणार. गेम मास्टरने आधीच सांगावं : ‘७ ते ९ आले तर पाणी शिरेल, पण बांधही फुटेल, गावचं शेत खारं होईल. त्याखाली आले तर दार हलणार नाही आणि टोळीला चाहूल लागेल. टाकता?’ इथेच कुणीतरी म्हणतो, ‘थांब रे, आधी गावकऱ्यांना विचारू.’ खेळ रंगतो तो इथे.

दिलेला निर्णय एका ओळीत वहीत लिहा : ‘ओली भिंत, दोर असल्यास फासे नकोत.’ पुढच्या रविवारी तो वाचूनच सुरुवात करा. वही एका पानाबाहेर गेली की जुन्या ओळी खोडा, नाहीतर तुम्ही नवं नियमपुस्तकच लिहीत बसाल.

प्रश्न : खेळात देवचार (लोकसमजुतीतलं राखण करणारं भूत) आणला, तर खेळाडू प्रत्येक संकटात त्यालाच हाक मारतात. (डिचोली)

उत्तर : तो गावचा राखणदार, शीम (गावची वेस) ओलांडली की त्याचा अंमल संपला. शिवाय हाक मारण्याआधी रोट आणि विडी ठेवायला लावा, आणि ती सामानाच्या यादीतून खोडा.