ब्राऊन बेल्ट आणि 'अहो काका'

"मॅडम, सहा वर्षं कराटेला घातलंय हिला. ब्राऊन बेल्ट आहे. आणि त्यांनी अंगाला हात लावला तर ही नुसती बसून राहिली. मग खरंच तसं काही झालं असेल का हो?"

असं विचारणाऱ्या आया माझ्याकडे समुपदेशनाला बऱ्याच येतात. शेवटच्या वाक्यातली शंका लेकीला बरोबर ऐकू आली होती. ती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत, सोडत, पुन्हा गुंडाळत होती. (तिला विचारूनच लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.)

मुलगी १९ वर्षांची. 'ते' म्हणजे तिच्या मावशीचे यजमान. कॉलेजची पहिली फी त्यांनी भरलेली, क्लासला उशीर झाला की गाडी घेऊन न्यायलाही तेच. आधी गिअर बदलताना गुडघ्याला हात लागायचा. मग पाठीवर कौतुकाची थाप, जरा जास्तच वेळ रेंगाळणारी. मग एका संध्याकाळी त्यांनी गाडी कडेला घेतली. "समोर रसवंतीचा बोर्ड होता. मी तो वाचत राहिले, तोच तोच," ती म्हणाली.

आईला बाहेर बसवलं आणि एक रिकामी खुर्ची पुढे ओढली. म्हटलं, हा बसमधला अनोळखी माणूस, त्याने हात लावलाय. "ए! हात काढ!" ती अशी कडाडली की बाहेरचे शिपाईमामा दार उघडून डोकावले.

"आता याच खुर्चीत काका आहेत."

ती उभी राहिली. तोंड उघडलं, मिटलं. मग म्हणाली, "अहो काका... असं नका ना करू." आणि हसली. आपण हसलो हे तिच्याच लक्षात आलं, आणि मग ती रडली.

सहा वर्षांत तिला जे शिकवलं, ते सगळं 'ए' म्हणता येईल अशा माणसासाठी होतं. दिवाळीला ज्याच्या पाया पडायचं, त्याच्यापुढे त्यातलं काहीच उपयोगी पडेना. त्यात शरीर गोठतं ते वेगळंच. २०१७ साली स्टॉकहोममधल्या एका अभ्यासात, बलात्कारानंतर महिनाभरात तातडीच्या दवाखान्यात आलेल्या २९८ स्त्रियांपैकी सुमारे ७० टक्के स्त्रियांनी सांगितलं, की त्या वेळी शरीर हलवताच येत नव्हतं. म्हणून 'हात का नाही उगारलास' या प्रश्नाने काहीच सिद्ध होत नाही, हे मी आईला त्याच दिवशी सांगितलं.

आपली स्वसंरक्षणाची शिबिरं मी पाहिलीत. तोंडाला रुमाल बांधलेला एक मुलगा मागून येतो, मुली त्याला आडवा करतात, पालक टाळ्या वाजवतात. खरं तर राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाचे अहवाल वर्षानुवर्षं सांगताहेत, की नोंदलेल्या बलात्कारांपैकी दहातल्या नऊहून अधिक गुन्ह्यांत आरोपी ओळखीचा असतो. रुमालवाला फार क्वचित.

कॅनडात मानसशास्त्रज्ञ शार्लीन सेन यांनी विद्यापीठात नव्याने आलेल्या मुलींसाठी १२ तासांचं प्रशिक्षण आखलं. हाणामारी त्यातही आहे, पण ओळखीच्या पुरुषाला अडवताना मनात काय आड येतं यावर बराच वेळ दिलेला आहे. २०१५ साली निष्कर्ष आले: नुसती माहितीपत्रकं मिळालेल्या गटात वर्षभरात बलात्काराचं प्रमाण ९.८ टक्के, प्रशिक्षण घेतलेल्यांत ५.२.

आम्ही मात्र एका वाक्यावर तीन बैठका घालवल्या. "काका, हात काढा. मला चालत नाही." प्लीज नाही, कारण नाही, हसू नाही. 'अहो-जाहो' तसंच ठेवलं. ते सोडायला सांगितलं की तिचा आवाजच बसायचा. मग गाडीचं दार उघडून उतरायची तालीम. फी त्यांनी भरली, या ओझ्यावर एक अख्खी बैठक गेली.

त्यानंतरच्या बैठकीला आईला आत बोलावलं. तालीम तिचीही होती. लेक सांगणार, आणि आईने काय म्हणायचं नाही: 'तुला तसं वाटलं असेल', 'तू एकटी गेलीसच का', 'मावशीचा संसार मोडेल'. तिसरं वाक्य आईच्या तोंडून तरीही निसटलं, दोनदा. माझ्या मते या मायलेकींत जास्त अवघड अभ्यास आईचाच होता.

मुलगी १८ पूर्ण असल्याने तक्रारीचा निर्णय तिचा होता. वय कमी असतं, तर २०१२च्या पोक्सो, म्हणजे बाल लैंगिक अत्याचारविरोधी कायद्याने मला पोलिसांना कळवणं भागच होतं. १८१ या महिला हेल्पलाइनचा नंबर तिने मोबाइलमध्ये ठेवलाय. अजून तक्रार केलेली नाही.

गणपतीच्या आधी आईचा फोन आला. "बहिणीला कळवलं, यंदा तू ये, त्यांना आणू नकोस. तिने फोन आपटला." थोडं थांबून म्हणाली, "फीचे पैसे मात्र हप्त्याने परत करतोय. पहिला हप्ता लेकीनेच पाठवला."

पलीकडून लेकीचा आवाज आला, "आई, पावतीचा स्क्रीनशॉट ठेव."