साडेतीन वर्षांची मुलगी नुसत्या रेघोट्या मारते. तिला अक्षरं गिरवायला बसवू का?

एवढ्यात बसवू नका. त्या रेघोट्या हाच सध्या तिचा लिहिण्याचा सराव आहे. मी बालवाडीत शिकवते, त्यामुळे हात कसा तयार होत जातो ते रोज बघते. समोरचा गोल बघून काढणं साधारण तिसऱ्या वर्षी जमतं, अधिकचं चिन्ह चौथ्याच्या सुमारास, चौकोन त्यानंतर आणि त्रिकोण पाचव्याच्या आसपास. 'क' मध्ये तर गोलाई, उभी रेघ आणि वळण सगळं एकदम येतं! शिवाय मनगटातली हाडं या वयात बरीचशी कूर्चेचीच, म्हणजे मऊ आणि लवचीक असतात. तेव्हा आधी बोटांत जोर येऊ द्या:

- माती मळणं, कागद फाडून चिकटवणं, ओला स्पंज पिळणं
- भिंतीवर कागद लावून उभ्याने चित्र काढणं
- रंगीत खडूचे आखूड तुकडे. लांब खडू मूल मुठीत धरतं. बोटभरापेक्षा लहान तुकडा मुठीत धरून उपयोग नसतो, म्हणून तो चिमटीतच धरावा लागतो.

चित्र झालं की "हे काय आहे?" असं विचारू नका, "मला याबद्दल सांग ना" म्हणा, आणि ती जे बोलेल ते तिच्यादेखत चित्राखाली लिहा. आपलं बोलणं कागदावर उतरतं हे तिला तिथेच कळतं, आणि मला तरी गिरवण्यापेक्षा हे फार मोलाचं वाटतं. मात्र ती स्वतःहून नाव लिहायला मागत असेल तर जरूर दाखवा; अक्षर उलटं आलं तरी लगेच खोडून दुरुस्त करू नका.