नवी विज्ञानकादंबरी कशी हेरावी, तिच्यावर कसं लिहावं?

प्रश्न (एक वाचक, सांगली): इंग्रजीतल्या नव्या विज्ञान आणि अद्भुत कादंबऱ्या वाचायच्या आहेत. दुकानात मात्र तीच ती चार-पाच नावं मांडलेली असतात. पुरस्कारांवर विसंबावं का?

उत्तर: विसंबा, पण विजेता सोडून अंतिम यादी बघा आणि निवड कोण करतं तेही बघा. ह्यूगो पुरस्कारासाठी वर्ल्डकॉन या जागतिक विज्ञानकथा संमेलनाचे सदस्य, म्हणजे मुख्यतः वाचकच, मत देतात. नेब्युला पुरस्कार अमेरिकेतल्या विज्ञान व अद्भुत कथालेखकांची संघटना देते, तिथे मत लेखकांचं. आर्थर सी. क्लार्क पुरस्कार ब्रिटनमध्ये प्रकाशित झालेल्या विज्ञानकादंबऱ्यांना १९८७ पासून परीक्षक मंडळ देतं. मतदानात वाचकांचे लाडके लेखक पुन्हा पुन्हा वर येतात, त्यामुळे अनोळखी नाव हवं असेल तर क्लार्कची यादी आधी चाळावी, असं आमचं मत.

ह्यूगोच्या प्रत्येक गटात सहसा सहा नावं अंतिम फेरीत जातात. समारंभानंतर नामांकनांची आकडेवारी जाहीर होते आणि थोडक्यात हुकलेली पुस्तकं तिच्यात दिसतात. खरा खजिना तिथे आहे, आणि तिकडे फारसं कुणी फिरकत नाही. 'लोकस' या विज्ञान व अद्भुत साहित्याला वाहिलेल्या मासिकाची वर्षभरातल्या शिफारशींची यादी फेब्रुवारीत येते, तीही जपून ठेवा.

नवा लेखक पारखायचा तर त्याची लघुकादंबरी आधी घ्या. ह्यूगोच्या नियमात १७,५०० ते ४०,००० शब्दांचं लेखन या गटात मोडतं, म्हणजे दोन-तीन बैठकांत संपणारं. आणि विकत घेण्याआधी सुरुवातीच्या पानांवरची लेखकाच्या इतर पुस्तकांची यादी वाचा. मालिकेतला तिसरा भाग हाती आला आणि काही कळेना, ही तक्रार फार येते. मुखपृष्ठावर भागाचा क्रमांक बरेचदा नसतोच.

प्रश्न (एक वाचक, ठाणे): पुरवणीसाठी ८०० शब्दांचं परीक्षण लिहायचं आहे. कथानक किती सांगावं? सांगितलं तर रहस्य फुटतं, नाही सांगितलं तर वाचकाला काही कळत नाही.

उत्तर: साधारण पहिल्या पाव भागापर्यंतचं सांगा, १५०-२०० शब्दांत. तिथवर जग मांडून झालेलं असतं आणि पेच सुरू झालेला असतो. उरलेली जागा त्या जगाच्या नियमांना द्या. परीक्षण फसतं ते इथेच: लोक गोष्ट सांगतात आणि शेवटी 'कल्पनाशक्ती अफाट' म्हणून मोकळे होतात.

समजा, कादंबरीत मंत्र म्हणणाऱ्याची दर मंत्रामागे एक आठवण पुसली जाते. हा नियम ज्या पानावर आला, त्या पानाचा क्रमांक वहीत टिपा. मग प्रत्येक मंत्राच्या वेळी तपासा: आठवण गेली का? कोणती? तिचा पुढच्या वागण्यावर परिणाम दिसला का? शेवटच्या लढाईत नायिका दहा मंत्र म्हणते आणि तरीही तिला आईचा चेहरा, गावचा रस्ता सगळं लख्ख आठवत असेल, तर लेखकाने संकटाची किंमतच काढून घेतली. हे ठामपणे लिहा. तिने नेमकं लढाईचं कारणच विसरावं, असं झालं असेल तर नियम नीट पाळला हेही लिहा, फक्त ती काय विसरली हे उघड करू नका. विज्ञानकादंबरीतही हीच कसोटी. प्रकाशापेक्षा वेगवान यान चालेल. पण पहिल्या भागात निरोप पोचायला चार वर्षं लागतात आणि शेवटी तो लगेच पोचतो, हे चालणार नाही.

विशेषनामांची यादी वाचतानाच करा आणि देवनागरीतलं एकच रूप ठरवा, नाहीतर एकाच लेखात एका ग्रहाची तीन नावं होतात. प्रकाशनापूर्वीची प्रत मिळाली असेल तर तिच्यातलं अवतरण छापील प्रतीशी ताडून मगच द्या. मधल्या काळात वाक्यं बदलतात. अनुवाद असेल तर अनुवादकाचं नाव पहिल्या परिच्छेदातच हवं.

प्रश्न (एक वाचक, पणजी): मराठीत नवं विज्ञानलेखन कुठे शोधावं?

उत्तर: कादंबऱ्यांपेक्षा कथांत. दिवाळी अंकांपैकी 'धनंजय' आणि 'नवल' आधी घ्या. मराठी विज्ञान परिषदेच्या विज्ञानकथा स्पर्धेकडेही लक्ष असू द्या. जयंत नारळीकरांनी १९७४ मध्ये याच स्पर्धेला टोपणनावाने कथा पाठवली आणि तिला बक्षीस मिळालं. कथा आवडली की लेखकाचं नाव टिपून ठेवा आणि ग्रंथालयात त्याच्या संग्रहाची मागणी नोंदवा.