सर्जनचा मोबदला : वाचकांचे प्रश्न

प्रश्न : एमएस होऊन वर्ष झालं. तालुक्याच्या एका हॉस्पिटलने महिना दीड लाखाची मिनिमम गॅरंटी देऊ केली आहे. घ्यावी का?

घ्या, पण सहीआधी एक गोष्ट लेखी मागा. एखाद्या महिन्यात तुमची फी एक लाखच झाली, तर वरचे पन्नास हजार हॉस्पिटल सोसणार की पुढच्या महिन्यात वळते करणार? वळते होणार असतील तर ती हमी नव्हे, उचल आहे. शिवाय तुमचा वाटा बिल झाल्यावर की पैसे जमा झाल्यावर, हेही विचारा. टीपीएचे (विमा कंपनीच्या वतीने दावे हाताळणाऱ्या संस्थेचे) पैसे उशिरा येतात, कापूनही येतात. महात्मा फुले योजनेत पॅकेजची रक्कम हॉस्पिटलला मिळते, तेव्हा त्यातली सर्जनची फी आधीच ठरलेली बरी.

प्रश्न : आम्ही तिघे भागीदार. ज्याच्या जितक्या केसेस तितकी त्याची रक्कम. धाकटा नाराज आहे.

त्याची नाराजी रास्त आहे. रात्री दोनला आतडं फुटलेला पेशंट तो घेतो आणि पुढे आठ दिवस आयसीयूत त्याच्यामागे असतो. तेवढ्यात थोरल्याची पित्ताशयाची तीन दुर्बिणीची ऑपरेशनं होतात. केसेस मोजल्या तर तिनास एक! अमेरिकेत मेडिकेअरने (मुख्यतः ज्येष्ठांसाठीच्या सरकारी आरोग्यविम्याने) 1992पासून वेळ, कौशल्य, ताण यांचे गुण धरून डॉक्टरांची फी ठरवायला घेतली. ऑपरेशननंतरची देखरेखही त्या गुणांत येते. पद्धत निर्दोष नाही, पण एवढं तिच्याकडून जरूर घ्या.

मी असं सुचवेन : आधी इमारतीचं भाडं ती ज्याच्या नावावर आहे त्याला, बाजारभावाने. मग ऑन-कॉलच्या प्रत्येक रात्रीचे ठरावीक पैसे, पेशंट येवो न येवो. उरलेल्यातलं निम्मं सारखं वाटा, निम्मं कामाप्रमाणे. सारखा वाटा असला की अवघड केसला दुसऱ्याला हाक मारताना हात आखडत नाही, आणि पेशंटच्या दृष्टीने तेच सर्वांत मोलाचं. (इमर्जन्सी रोज धाकट्याच्याच गळ्यात का, हेही तिघांनी बसून बोला.)

प्रश्न : एमआरआय आणि पॅथॉलॉजीच्या बिलावर टक्के मिळत आहेत. घ्यावेत का?

नाही. पेशंट किंवा तपासणीचा नमुना पाठवण्याबद्दल कमिशन घ्यायला 2002च्या वैद्यकीय आचारसंहितेत मनाई आहे. त्याऐवजी ‘ऑपरेशनची गरज नाही’ हे पेशंटला समजावण्यात जो अर्धा तास जातो, त्याची कन्सल्टिंग फी वाढवून मागा.