डीएफबी लेझर वेगाने स्कॅन करताना फ्रिक्वेन्सीचा अक्ष कुठून आणायचा?

तुमचा प्रश्न मला कळला तो असा. बायोगॅसच्या नळीतून वाहणाऱ्या वायूतलं मिथेन १६५३.७ नॅनोमीटरच्या डीएफबी लेझरने (करंट बदलून रंग किंचित सरकवता येणाऱ्या अर्धवाहक लेझरने) मोजायचं आहे. सेकंदाला १०० स्कॅन असताना शोषण-रेषा, म्हणजे मिथेन ज्या फ्रिक्वेन्सीला प्रकाश शोषतं तिथली खोलगट, सुबक येते. प्रवाहातले चढउतार पकडायला सेकंदाला १० हजार स्कॅन केले की तीच रेषा फुगते, एका अंगाला कलते, आणि करंट चढताना एक आकार तर उतरताना दुसरा दिसतो. म्हणून ड्रायव्हरकडून (लेझरला करंट पुरवणाऱ्या यंत्राकडून) मुद्दाम वाकवलेला करंट देऊन स्कॅन सरळ करून घ्यावा का, असं तुम्ही विचारता.

माझं मत स्पष्ट आहे: त्या वाटेला जाऊ नका. लेझर जसा पळेल तसा पळू द्या आणि प्रत्येक क्षणी तो कोणत्या फ्रिक्वेन्सीवर आहे हे फायबरच्या तुकड्याने मोजा.

करंट वाढला की चिप तापते आणि फ्रिक्वेन्सी खाली सरकते. सावकाश स्कॅनमध्ये साधारण दर मिलिअँपिअरला १ गिगाहर्ट्झच्या आसपास. पण उष्णता पसरायला वेळ लागतो. वेग वाढवला की चिपला पुरतं तापायला अवसर मिळत नाही, म्हणून पल्ला आखडतो आणि फ्रिक्वेन्सी करंटच्या मागे रेंगाळते. मेगाहर्ट्झच्या घरात गेलात तर वाहकांच्या घनतेचा परिणाम वरचढ होतो, आणि तो उलट दिशेला, म्हणजे फ्रिक्वेन्सी वर ढकलणारा असतो. या दोन परिणामांचं प्रमाण वेगाप्रमाणे बदलतं. वाकवलेल्या करंटचं कोष्टक तुम्ही मेहनतीने बसवाल, पण ते एका वेगाला, एका तापमानाला आणि त्याच एका लेझरला लागू पडेल.

बायोगॅसमध्ये खऱ्या अक्षाची गरज इतर ठिकाणांपेक्षा जास्त आहे, आणि हे नीट समजून घ्या. इंदूरच्या देवगुराडियाचं बायोगॅस संयंत्र फेब्रुवारी २०२२ मध्ये सुरू झालं, रोज ५५० टन ओला कचरा पचवण्याच्या क्षमतेचं. अशा संयंत्राच्या कच्च्या वायूत मिथेनच्या जोडीला मुख्यतः कार्बन डायऑक्साइड असतो आणि त्याचा वाटा बदलत राहतो. कार्बन डायऑक्साइड मिथेनची रेषा हवेपेक्षा जास्त रुंदावतो. म्हणजे मिथेन तेवढंच राहून रेषेची उंची बदलू शकते. भरवसा ठेवायचा तो रेषेखालच्या क्षेत्रफळावर, आणि क्षेत्रफळ फ्रिक्वेन्सीच्या अक्षावर अवलंबून असतं. अक्ष ५ टक्के चुकला की मिथेनचा आकडाही ५ टक्के चुकला.

आता मांडणी. लेझरचा १० टक्के प्रकाश कपलरने (प्रकाश वाटून देणाऱ्या फायबर-जोडाने) वेगळा काढा आणि फायबरच्या माख-झेंडर इंटरफेरोमीटरमध्ये, म्हणजे प्रकाश दोन वाटांत फोडून पुन्हा एकत्र आणणाऱ्या मांडणीत, सोडा: दोन ५०-५० कपलर, मधल्या दोन वाटांच्या लांबीत १ मीटरचा फरक. काचेचा अपवर्तनांक सुमारे १.४७ धरला तर दर २०४ मेगाहर्ट्झला एक फ्रिंज, म्हणजे उजेड-अंधाराचं एक आवर्तन, मिळते. वातावरणीय दाबाला ही रेषा ४ गिगाहर्ट्झच्या आसपास रुंद असते, म्हणजे रेषेच्या रुंदीत वीसेक फ्रिंजा बसतात. ही फूटपट्टी पुरेशी बारीक आहे. ३० गिगाहर्ट्झचा स्कॅन १०० मायक्रोसेकंदात केलात तर सुमारे १५० फ्रिंजा, म्हणजे सरासरी दीड मेगाहर्ट्झचा सिग्नल. स्कॅन असमान असल्याने काही भागात त्याच्या तिप्पट-चौपट. १० मेगाहर्ट्झचा डिटेक्टर आणि सेकंदाला अडीच-तीन कोटी नमुने घेणारा डिजिटायझर भागवून नेईल. वायूचा आणि फ्रिंजांचा असे दोन्ही चॅनेल एकाच घड्याळावर, एकाच क्षणी नमुने घेणारे हवेत.

फ्रिंजांची शिखरं मोजत बसू नका. करंटबरोबर वाढणारी तीव्रता भागून काढा, हिल्बर्ट रूपांतराने (लहरीची क्षणोक्षणीची फेज काढणाऱ्या गणिती रीतीने) फेज काढा, ती उलगडा, म्हणजे प्रत्येक फेऱ्यानंतरची उडी काढून सलग करा. एका पूर्ण फेऱ्याला २०४ मेगाहर्ट्झ, की प्रत्येक नमुन्याला त्याची फ्रिक्वेन्सी मिळाली. करंट वळतो तिथल्या कडा टाकून द्या.

कपलर १५५० नॅनोमीटरचे असतील तर १६५० ला त्यांचं प्रमाण ५०-५० राहत नाही. दोन्ही एकाच प्रकारचे घ्या आणि दुसऱ्या कपलरचं आडवं तोंड वापरा. त्या तोंडाशी येणारा प्रत्येक किरण एकदा सरळ आणि एकदा आडवा गेलेला असतो, म्हणून दोन्ही वाटांची तीव्रता सारखीच पोचते आणि फ्रिंजा खोल राहतात. साधं सिंगल-मोड फायबर चालेल. ध्रुवीकरण जुळवून फ्रिंजा ठळक झाल्या की गुंडाळी पक्की चिकटवा. वेटोळी लहान करू नका, १६५० ला वाकण्यातली गळती १५५० पेक्षा जास्त असते. जोडणी ब्रॉडबँडवाल्या माणसाच्या फ्यूजन स्प्लायसरवर (फायबरची टोकं वितळवून जोडणाऱ्या यंत्रावर) उत्तम होते. ध्रुवीकरण राखणारं फायबर मात्र त्या यंत्रावर जोडता येत नाही. हट्टच असेल तर मार्गदर्शकांमार्फत कॅटमध्ये (इंदूरच्या राजा रामण्णा प्रगत तंत्रज्ञान केंद्रात) विचारून पाहा.

तापमानाचं काय, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण इंदूरच्या मे महिन्यात ते विचारावंच लागेल. १ अंशाने फ्रिंजेची रुंदी लाखात एक भागही बदलत नाही. मात्र १ मीटरच्या फरकात सगळी फ्रिंज-माळ सुमारे सात फ्रिंजांनी सरकते. म्हणून हे इंटरफेरोमीटर अंतर मोजायला अत्यंत विश्वासू आहे, ठिकाण सांगायला नाही. ठिकाण मिथेनची रेषाच सांगते. तुमच्या वायूत ती कायम हजर आहे, तेव्हा वेगळ्या संदर्भ-सेलचा (माहीत असलेला वायू भरलेल्या बंद नळीचा) खर्च वाचवा.

स्प्लाइस करताना १ मीटरमध्ये १ सेंटिमीटर इकडेतिकडे होतंच, आणि तो थेट १ टक्का आहे. म्हणून फूटपट्टी एकदा तपासा. गुंडाळी उष्णतारोधक डब्यात ठेवून लेझरचं तापमान सावकाश बदला आणि १६५३.७ व १६५०.९६ नॅनोमीटरच्या रेषांमधल्या फ्रिंजा मोजा. हे अंतर सुमारे ३०४ गिगाहर्ट्झ, म्हणजे जवळपास १,५०० फ्रिंजा. नेमकी स्थानं हायट्रॅनमधून, म्हणजे वायूंच्या शोषण-रेषांच्या माहितीसंग्रहातून, घ्या. डीएफबी दर अंशाला ०.१ नॅनोमीटर सरकतो, तेव्हा २७-२८ अंशांचा पल्ला लागेल.

वायूच्या आणि इंटरफेरोमीटरच्या शाखेतलं फायबर मात्र समान लांबीचं ठेवा. १० मीटरचा फरक म्हणजे ४९ नॅनोसेकंद. तुमच्या वेगाला त्याची चूक १५ मेगाहर्ट्झ, नगण्य. पुढे मेगाहर्ट्झने स्कॅन केलात तर तीच दीड गिगाहर्ट्झ होईल.

एफडीएमएल (फोरिए डोमेन मोड लॉकिंग) लेझरचाही उल्लेख तुम्ही केलात. २००६ मध्ये ह्यूबर, वोइत्कोव्स्की आणि फुजिमोतो यांनी तो मांडला. काही किलोमीटर फायबरच्या फेरीशी फिल्टरची लय जुळवून तो विलक्षण वेगाने विस्तृत पट्टा झाडतो. इंजिनाच्या आतल्या पाण्याच्या वाफेचं तापमान त्याने मोजलं गेलं आहे. एका मिथेन-रेषेसाठी तो पट्टा वाया जाईल, आणि त्याची क्षणिक रेषारुंदीही डीएफबीपेक्षा कितीतरी जास्त असते.

शेवटी सेलबद्दल, म्हणजे ज्या कप्प्यात लेझर वायूतून जातो त्याबद्दल. १० सेंटिमीटरच्या मार्गात कच्च्या बायोगॅसच्या रेषेच्या शिखरावर फारच थोडा प्रकाश उरेल. १ सेंटिमीटर घ्या, तिथे १५-२० टक्के शोषण मिळतं. समांतर काचा टाळा, खिडक्या थोड्या तिरक्या बसवा, नाहीतर त्यांच्यामधल्या वायूच्या फटीच्या फ्रिंजा रेषेच्या रुंदीच्या पट्टीत येऊन तिच्यात मिसळतील. कनेक्टर तिरक्या टोकाचे, हिरवे एपीसी घ्या. आणि जोडणीची गळती रोज तपासा: हवेत ५ ते १५ टक्के मिथेन पेट घेतं, आणि हायड्रोजन सल्फाइडचा वास नाकाला बधिर करतो, म्हणून वासावर विसंबू नका.